खानदेशात बिनबेताची भटकंती आणि लांबत जाणारे मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीवर सॅक टाकायची, गाडीतून उतरायचं आणि जमलं तर दोन दिवसांचे दहा दिवस होऊ द्यायचे, अशा माणसांसाठी ही उत्तरं आहेत. खानदेश म्हणजे इथे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. गाडी करून दोन दिवसांत सगळं पाहून टाकणाऱ्यांना यातलं फारसं काही उपयोगी पडणार नाही.

बेत करायचाच नाही, तर आधी ठरवायचं तरी काय?

तीनच गोष्टी ठरवा : उतरायचं स्टेशन, पहिल्या रात्रीचा मुक्काम आणि ज्याच्यापुढे ढकलता येणार नाही अशी परतीची तारीख. मधलं सगळं मोकळं सोडा.

बहुतेक जण उलटं करतात. नकाशावर बारा ठिकाणांना टिंबं देतात आणि पहिल्या रात्रीचं काहीच बघत नाहीत. खानदेशात ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत आणि एकेकाला वेळ फार लागत नाही. लळिंगचा किल्ला धुळ्याहून जाऊन-येऊन अर्ध्या दिवसात होतो, सोनगीरचंही तेच. ‘पॉइंट’ बघायला येणारा तिसऱ्या दिवशी ‘झालं, आता काय?’ म्हणून गाडीत बसतो. इथे माणूस अडकतो तो आठवड्याच्या बाजारात, यात्रेत, नदीकाठी आणि भरताच्या पंगतीत. त्यासाठी एका तालुक्याच्या गावी तळ ठोकावा लागतो.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी. थंडीत भरताची वांगी येतात, मेहरूणची बोरं येतात आणि दिवसभर चालता येतं. थंडीला मात्र हलकं समजू नका. धुळे-जळगावकडचा पारा कधी कधी एक आकडी होतो आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात गवतावरचं दव गोठतं. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, तिथे रात्री पातळ चादरीवर भागत नाही.

मार्च होळीसाठी. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. या दोन महिन्यांत सावकाश भटकंती होत नाही, नुसती सावली शोधणं होतं. यायचंच असेल तर सरळ तोरणमाळ गाठा आणि तिथेच राहा.

पावसाळ्यात सातपुडा बघण्यासारखा असतो, पण घाट बेभरवशाचे. तळोदा-धडगाव रस्त्यावरचा चांदसैली घाट, अक्कलकुवा-मोलगी रस्त्यावरचा देवगोई घाट आणि तोरणमाळचा सातपायरी घाट, तिन्हीकडे दरड येते. मुक्काम लांबतो, पण आपल्या मर्जीने नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वर जाताना दोन दिवसांची जादा औषधं आणि रोख रक्कम जवळ ठेवूनच जा. ऑक्टोबरमध्ये ऊन परत तापतं, डास असतात आणि कापसावर फवारण्या चालू असतात. आमच्या मते हा सगळ्यात वाईट महिना.

उतरायचं कुठे आणि पहिला तळ कुठे टाकायचा?

मुंबईकडून येणाऱ्यांना चाळीसगाव, जळगाव आणि भुसावळ ही मुख्य लाइनवरची स्टेशनं. सुरतेकडून येणारी लाइन नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला मिळते. सावकाश फिरणाऱ्याला ही दुसरी लाइन जास्त कामाची, कारण ती तापीच्या खोऱ्यातून जाते आणि पॅसेंजरने दर तासा-दीड तासाला एखादं उतरण्याजोगं गाव येतं. चाळीसगावहून धुळ्याला फाटा जातो. तो धुळ्यालाच संपतो, पुढे एसटी. नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे. तिथून सुरतेकडे जाणार असाल तर सॅकमध्ये बाटली असता कामा नये. गुजरातेत दारूबंदी आहे आणि तपासणी होते.

तळासाठी आमची पसंती अशी.

शहादा : सातपुड्यासाठी. नंदुरबार स्टेशनवर उतरून एसटीने प्रकाशा मार्गे सुमारे ४० किलोमीटर. इथून तोरणमाळ, धडगाव, सारंगखेडा, प्रकाशा सगळीकडे गाड्या मिळतात. मोठा बाजार आहे, दवाखाने आहेत, एटीएम आहेत. वर जाण्याआधी एक रात्र इथे काढाच.

चाळीसगाव : दक्षिणेच्या डोंगरासाठी. पाटणादेवी साधारण १८ किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या हद्दीत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, तो इथलाच. तसा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख इथे सापडला आहे. वर पितळखोऱ्याची लेणी. खालून पाटणादेवीकडून पायवाट जाते, पण ती जंगलातून आहे. वन विभागाच्या नाक्यावर विचारल्याशिवाय आणि वाट माहीत असलेला माणूस सोबत घेतल्याशिवाय त्या वाटेला लागू नका.

अमळनेर : काहीच न करण्यासाठी. बोरीकाठचं जुनं गाव, सखाराम महाराजांचं संस्थान, साने गुरुजी जिथे शिकवत ते प्रताप हायस्कूल. मंगळवारी मंगळ ग्रह मंदिरामुळे गर्दी असते, त्या दिवशी खोली शोधत बसू नका. एरंडोल, पद्मालय, पारोळ्याचा किल्ला इथून एका दिवसात जाऊन येता येतं.

चोपडा किंवा यावल : केळीचा पट्टा आणि सातपुड्याचा पायथा. अडावदजवळचं उनपदेवचं गरम पाण्याचं कुंड, आडगावजवळची मनुदेवी, रावेर तालुक्यातलं पाल. शहाद्याकडेही उनपदेव नावाचं दुसरं ठिकाण आहे, म्हणून बसमध्ये कोणतं ते नीट सांगा.

वस्तीची गाडी म्हणजे काय आणि तिचा इतका उदोउदो का?

संध्याकाळी डेपोतून सुटते, शेवटच्या गावी रात्रभर थांबते आणि पहाटे तालुक्याला परत येते, ती वस्तीची किंवा मुक्कामी गाडी. शाळा-कॉलेजची पोरं, दूधवाले, बाजाराला जाणाऱ्या बाया सगळे हिच्यावर अवलंबून असतात. ड्रायव्हर-कंडक्टर त्याच गावात झोपतात.

अनोळखी गावात शिरायला याहून चांगली सोय नाही. तुम्ही कंडक्टरबरोबर उतरलात की गावाने तुम्हाला निम्मं ओळखलेलं असतं. पण क्रम पाळा. आधी दिवसा त्या गावी जाऊन या, राहायची सोय विचारा आणि मगच एखाद्या संध्याकाळी वस्तीच्या गाडीने जा. रात्री आठला अंधारात उतरून ‘कुठे झोपू?’ विचारलं, तर लोक नाही म्हणणार नाहीत, पण कोणाच्या तरी घरच्या बाईला चूल परत पेटवावी लागेल.

गाडीची वेळ मोबाईलवर शोधू नका. डेपोतल्या वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर तीन गोष्टी विचारा : वस्तीची गाडी कितीला सुटते, सकाळी गावातून कितीला निघते, आणि शाळेच्या सुट्टीत चालू असते का. शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत यातल्या बऱ्याच फेऱ्या बंद होतात आणि मग सकाळी फाट्यापर्यंत चालत जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

एसटी नसली तर काळीपिवळी, क्रूझर नाहीतर ॲपे. या माणसं भरल्यावर सुटतात. बाजाराच्या दिवशी दर अर्ध्या तासाला, एरवी दुपारी बाराच्या आत. दुपारी चारनंतर डोंगरातून खाली येणारं वाहन मिळेल असं धरून चालू नका.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास घ्यावा का?

नको. तो चार किंवा सात दिवसांचा असतो आणि रोज लांब पल्ला मारणाऱ्याला परवडतो. एका गावी चार दिवस बसणाऱ्याचे पैसे वाया जातात, आणि वाईट म्हणजे पास संपायच्या आत फिरून घ्यायची घाई मागे लागते. साधं तिकीट काढा. महिलांना मार्च २०२३ पासून तिकीट निम्मं आहे, ६५ ते ७५ वयाच्यांनाही निम्मं, ७५ च्या वर फुकट. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ ठेवा. महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू, त्यामुळे बऱ्हाणपूर, सेंधवा किंवा सुरतेच्या गाडीत पुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे पडतात.

रेल्वेच्या तिकिटावर मधेच उतरून दोन दिवस राहता येतं का?

पाचशे किलोमीटरच्या वरच्या तिकिटावरच प्रवास मोडता येतो आणि तोही पहिले पाचशे किलोमीटर झाल्यावर. मुंबई-भुसावळ साडेचारशेच्या आत आहे. म्हणजे मुंबईहून नागपूरचं तिकीट काढून जळगावला मुक्काम करता येणार नाही. टप्प्याटप्प्याने जनरलचं तिकीट काढा. १९९ किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो, म्हणून सकाळीच काढून ठेवून गावात चहाला जाऊ नका.

राहायचं कुठे?

लॉज सगळ्या तालुक्यांच्या गावी एसटी स्टँडच्या आसपास असतात. खोली घेण्याआधी खिडकी उघडून बघा. पश्चिमेची भिंत असेल तर उन्हाळ्यात ती रात्री बारापर्यंत तापलेली राहते, वरच्या मजल्याची खोली तर नकोच. चेकआऊट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा, हे पैसे देण्याआधी विचारा. दर सुरुवातीला एका रात्रीचाच ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, मॅनेजर निवांत असताना, ‘आठवडाभर थांबतो, काय धराल?’ असं विचारा. पहिल्याच रात्री आठवड्याची घासाघीस केली तर तो कमी करत नाही, आणि खोली वाईट निघाली तर तुम्ही अडकता.

भक्तनिवास स्वस्त आणि स्वच्छ असतात, पण ते भाविकांसाठी आहेत. दोन-तीन रात्री ठीक. त्याहून जास्त राहायचं तर व्यवस्थापकांशी मोकळेपणाने बोला आणि पावती फाडा. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. त्यात तुमच्यावर संशय नसतो, सरसकट नियमच असतो. वाद घालू नका, सभागृहात झोपायची परवानगी मागा. ती बहुधा मिळते.

सार्वजनिक बांधकाम खात्याचं विश्रामगृह बघायला छान असतं, पण साहेब आले की खोली सोडावी लागते. त्याच्या भरवशावर लांबचा मुक्काम ठरवू नका. वन विभागाची विश्रामगृहं, उदाहरणार्थ पालची, आधी परवानगी घेऊनच मिळतात.

लग्नसराईत आणि अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे इथल्या आखाजीच्या, आसपास लॉज भरलेले असतात. आखाजीला लेकी माहेरी येतात, सालगड्यांची सालं बदलतात आणि एक-दोन दिवस बाजार थंड पडतो. त्या वेळी खोली आधी हातात असू द्या.

पाठीवर किती वजन असावं?

पाण्याशिवाय सात-आठ किलो. ३५ ते ४० लिटरची सॅक पुरते. त्याहून मोठी घेतली की भरली जाते आणि काळीपिवळीच्या टपावर जाते.

कपड्यांचे तीन जोड, सगळे सुती आणि अंग झाकणारे. डोक्याला मोठा रुमाल किंवा उपरणं. एक जाड चादर, जी बाजारात विकत घेऊन निघताना कोणाला देऊन टाकता येते. मच्छरदाणी, बॅटरी, दोरीचे पाच मीटर, सुई-दोरा, एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. एक ताट आणि पेला. यात्रेत आणि पाड्यावर स्वतःचं ताट पुढे केलं की यजमानाचं भांड्यांचं संकट टळतं.

तंबू घरी ठेवा.

तंबू का नको? शेतात टाकला तर काय बिघडतं?

अभयारण्यात, म्हणजे यावल आणि गौताळ्यात, परवानगीशिवाय रात्री राहताच येत नाही. शेताची अडचण वेगळी आहे. शहादा-तळोदा पट्ट्यात उसात बिबट्या असतो, त्यामुळे बांधावर झोपणं हा धाडसाचा नाही, अडाणीपणाचा भाग आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर कापसात फवारणी चालते. औषध मारलेल्या शेताजवळ झोपू नका, तिथल्या डब्याने पाणी पिऊ नका, तो डबा कशाला वापरला असेल ते सांगता येत नाही. केळीच्या बागेत रात्रीबेरात्री वीज आली की मोटार सुरू होते आणि सकाळी तुम्ही चिखलात असता.

पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा चावा पुष्कळदा जाणवतसुद्धा नाही. खाट मागून घ्या, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. सर्पदंशाचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करा. हात-पाय हलवू न देता, दोरी न आवळता, सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. मंत्र घालणाऱ्याकडे गेलेला अर्धा तास पुढे भरून निघत नाही.

खाण्याचं कसं?

लांबच्या मुक्कामात हॉटेलपेक्षा खानावळ बघा. तालुक्याच्या गावी कॉलेजची पोरं आणि बदलीवर आलेले कर्मचारी जिथे जेवतात ती शोधा. आठवड्याचे पैसे आगाऊ दिले तर बहुतेक ठिकाणी चालतं, आणि एखाद्या वेळी जेवणार नसाल तर सकाळीच सांगा.

शेवभाजी सगळीकडे मिळते. तिखटाची सवय नसेल तर ‘तर्री कमी’ म्हणा. ‘कमी तिखट’ म्हटल्याने काही फरक पडत नाही, कारण रस्सा आधीच तयार असतो. तीच शेव आयत्या वेळी टाकलेली मागा, नाहीतर लगदा होतो. हिवाळ्यात भरीत खा, पण हॉटेलात नाही. रानात भरीत-पार्टी असते. काट्याकुट्यांच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात, साल काढून लाकडी बडगीत ठेचतात, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेलाची फोडणी. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पुरी किंवा भाकरी. कोणी बोलावलं तर जाताना जिलेबीचा पुडा नाहीतर दोन किलो वांगी घेऊन जा. पैसे देऊ केले तर लोकांना राग येतो. वरण-बट्टीच्या पंगतीत तूप नको म्हणू नका, बट्टी कोरडी घशाखाली उतरत नाही.

पोट बिघडलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट दिवसभर. जुलाबात रक्त दिसलं, ताप आला किंवा लघवी सहा-सात तास झाली नाही तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टर गाठा.

एप्रिल-मेमध्ये अडकलो तर?

दिवसाचे दोन तुकडे करा. पहाटे पाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळेत इथले लोकही बाहेर पडत नाहीत. चार-पाच लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, आणि नुसतं पाणी नाही, ताक, कैरीचं पन्हं, मीठ-साखर. घाम यायचा थांबला, डोकं ठणकायला लागलं, बोलणं अडखळलं, तर ती उष्माघाताची खूण. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी मारून वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. भर दुपारी बिगर एसी लांबच्या एसटीत खिडकी उघडी ठेवण्यात फायदा नाही. ओला रुमाल मानेला आणि खिडकी निम्मी बंद.

सातपुड्यातल्या पाड्यावर राहता येतं का?

येतं, पण पाहुणा म्हणून. पर्यटक म्हणून नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागात बहुसंख्य वस्ती भिल्ल आणि पावरा समाजाची आहे. घरं डोंगरउतारावर विखुरलेली, त्यामुळे ‘गाव’ म्हणजे एक ठिकाण असं समजू नका. पाड्याचं नाव विचारा, नाहीतर संध्याकाळी चुकीच्या टेकडीवर पोहोचाल.

गेल्या गेल्या पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटा. आपलं नाव, गाव, किती दिवस, कशासाठी ते सांगा, आधार दाखवा. ही औपचारिकता नाही. अनोळखी माणूस चार दिवस का हिंडतोय, हा प्रश्न कोणालाही पडतो, आणि उत्तर आधी दिलेलं बरं. पाणी बायका खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणतात. म्हणून अंघोळीला झऱ्यावर जा, हंड्यातलं घेऊ नका. फोटो विचारल्याशिवाय नाही, बायकांचे तर नाहीच. पोरांना गोळ्या-पैसे वाटू नका. जाताना तेल, डाळ, चहा-साखर, मीठ घेऊन जा आणि घरच्या बाईच्या हाती द्या. मोहाची दारू आपण होऊन मागू नका.

मोबाईलची रेंज डोंगराच्या धारेवर असते आणि घळीत नसते. घरी सांगून ठेवा की तीन दिवस फोन लागला नाही तरी घाबरू नका, चौथ्या दिवशी धडगाव किंवा मोलगीहून करतो. मग खरंच करा.

परिक्रमावासींबरोबर चालत गेलं तर?

नर्मदा परिक्रमेची वाट शूलपाणीच्या झाडीतून या भागात येते. वाटेवरची अन्नछत्रं आणि सदावर्तं परिक्रमेचा संकल्प सोडलेल्यांसाठी असतात. तुम्ही नुसते भटके असाल तर तसं सांगा आणि जेवणाचे पैसे दानपेटीत टाका. फुकट जेवण म्हणून रोज पंगतीला बसणारे सॅकवाले वाढले की अशी छत्रं सगळ्यांकडेच संशयाने बघू लागतात.

नदीत पोहावं का?

तापीत नाही. वरून शांत दिसते, पण वाळू उपशाने तळाला डोह पडले आहेत. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जातं. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाऊस नसतानाही खाली पाणी चढतं. प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजचंही तेच. काठावर भोंगा किंवा दवंडी ऐकू आली की घाट सोडा.

नाल्यांवरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. डोंगरातला नाला जसा भरतो तसा दोन-तीन तासांत उतरतोही. कडेचे खुंट दिसायला लागेपर्यंत पाय घालू नका, कोणी ट्रॅक्टर घातला तरी नाही.

कोणत्या यात्रेमुळे मुक्काम लांबवावा?

सारंगखेड्याची. दत्त जयंतीपासून सुरू होते, एकमुखी दत्ताचं देऊळ आणि घोड्यांचा बाजार. पहिले दोन दिवस गर्दीचे, घोड्यांचा खरा सौदा बघायचा तर त्यानंतर थांबा. दात बघणं, रेवाल चाल धरून दाखवणं, रुमालाखाली बोटांनी भाव करणं सगळं निवांत दिसतं. राहायला शहादा किंवा दोंडाईचा.

होळीची. आधीच्या आठवड्यात गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतात आणि काठी या गावची राजवाडी होळी रात्रभर नाचून पहाटे पेटते. तिथे झोपायची सोय शोधू नका, कोणीच झोपत नाही. मोलगीहून परतीचं वाहन मात्र आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराची यात्रा धनत्रयोदशीच्या सुमारास असते. रात्रीची चढण, हजारो माणसं, पाणी कमी. गुडघ्यांची खात्री असेल तरच.

महाशिवरात्रीला तोरणमाळची गोरखनाथाची आणि तिकडे मुक्ताईनगर-चांगदेवची. एकाच वेळी दोन्हीकडे पोहोचता येत नाही, दोनशे किलोमीटरचा मामला आहे. श्रावणात कानबाई देवीचे रोट, म्हणजे नैवेद्य, असतात. तो कुळाचा सण आहे, रोट भाऊबंदांपुरते असतात. प्रसाद मिळाला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. मिरवणुकीत मात्र सगळ्यांना नाचू देतात.

बाईने एकटीने असं फिरावं का?

फिरतात. एसटीत, तेही दिवसा. वस्तीच्या गाडीने पहिल्यांदा जाताना गावातली अंगणवाडी सेविका किंवा आशाताई यांची आधी गाठ घाला, त्यांच्या ओळखीने घर मिळतं. लॉजपेक्षा भक्तनिवास बरं. स्टँडवर रात्र काढायची वेळ आली तर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीसमोरचा बाक, आणि त्यांना सांगून. अडचणीत ११२.

पैसे?

साधा लॉज, खानावळ आणि एसटी धरून दिवसाला हजाराच्या आसपास ठेवा, आठवड्याचा दर लागला की कमी होतो. रोख शहादा, तळोदा किंवा अक्कलकुव्यालाच काढून घ्या. वर रेंज नसेल तिथे मोबाईलने पैसे जात नाहीत आणि पाचशेची नोट कोणी मोडून देत नाही. दहा, वीस, पन्नासच्या नोटांची जुडी वेगळी ठेवा.

अहिराणी येत नाही, अडेल का?

नाही अडत, मराठी सगळ्यांना कळते. पण ऐकत राहा, आठवड्याभरात कान बसतो. वयाने मोठ्या माणसाला जिभाऊ, आबा, नाना, बाईला अक्का किंवा माय. रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी आणि भिलोरी, तिथे कोणी तरी दुभाषा होतोच. कोणी ‘कथा जाई ऱ्हायनात?’ विचारलं तर उत्तर द्या, ती चौकशी आहे, चौकीदारी नाही. ‘कुठेच नाही, असाच हिंडतोय’ हे उत्तर मात्र कोणाला पटत नाही. ‘बाजार बघायला आलोय’ म्हणा, ते खरंही असतं.

मुक्काम आठवड्याच्या पुढे गेला. आता काय काय बघावं लागतं?

नेहमीची औषधं संपायच्या चार दिवस आधी तालुक्याच्या गावी या, पाड्याच्या दुकानात गोळ्या मिळत नाहीत. कपडे स्वतः धुवा, ऊन भरपूर आहे.

दिवस रिकामा जात असेल तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय आणि समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखितं आहेत, आणि दोन्हीकडे एका दिवसात उरकत नाही. नंदुरबारला मिरचीचा हंगाम असेल तर मार्केट यार्ड बघा, तोंडाला ओला रुमाल बांधून. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीजवळून वारा आला की डोळे उघडत नाहीत.

कोणाच्या घरी उतरला असाल तर तिसऱ्या दिवशी स्वतःहून विषय काढा. खानदेशी माणूस ‘राहा अजून’ म्हणतच राहतो, त्यावर जाऊ नका. घरातली पोरं दुसरीकडे झोपायला जाऊ लागली, किंवा रोज खास भाजी होऊ लागली, की तुम्ही ओझं झालात. गावातच दुसरी सोय बघा आणि त्या घरी चहाला जात राहा.

निघताना पापड, केळी, मिरच्या घ्यायच्या आहेत. कसं न्यावं?

बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि मिरची पोस्टाने पार्सल करा, मिरची दोन पिशव्यांत, आतली बांधलेली. नाहीतर पूर्ण सॅक महिनाभर खाकरते. केळी हिरवीच घ्या आणि सॅकमध्ये भरू नका, हातात धरा. रावेर-सावद्याकडे बागेतून घड घेतला तर अर्धा वाटेतच वाटून टाका, उन्हाळ्यात तो दोन दिवसांत एकदमच पिकतो.